पिंजऱ्यातील पक्ष्यांचे किण्वरोग आणि त्यांची जनुकीय ओळख



आजचा विषय आकाराने अत्यंत सूक्ष्म आहे. तीस ते चाळीस ग्रॅम वजनाच्या एका पक्ष्याच्या जठरात वाढणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे एक किण्व, म्हणजे ज्याला आपण व्यवहारात यीस्ट म्हणतो त्या कुळातील एक जीव, त्याची वीस वर्षांहून अधिक काळ चुकत राहिलेली ओळख, आणि ती ओळख अखेर त्याच्याच जनुकांच्या साक्षीने कशी पटली, एवढाच त्याचा विस्तार आहे. तरीही तो या व्यासपीठावर आणावासा वाटला, कारण ज्या घरांत पक्षी पाळले जातात त्या घरांत त्यांच्यावर खरीखुरी माया असते, आणि ती माया, दाणापाणी, देखभाल, सारे काही असूनही केवळ रोगाचे नाव चुकल्यामुळे दगावलेले पक्षी मी पाहिले आहेत. आणि नाव चुकले म्हणून गेलेला जीव, तो कितीही लहान असो, वैद्यकाने आपल्या हिशेबात खर्ची टाकून मोकळे व्हावे असा नसतो.

आपल्याकडे लव्हबर्ड या नावाने सर्रास विकला जाणारा हिरवा, पिवळा किंवा निळा छोटा पोपट बहुतेक वेळा बजरीगर असतो. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरडी माळराने हे त्याचे मूळ वसतिस्थान. पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० साली तेथून जिवंत बजरीगर इंग्लंडात आणले, आणि पुढल्या शंभर वर्षांत हा पक्षी जगभरच्या घरांत इतका रुळला की आज पाळीव पक्ष्यांत त्याच्याइतका सर्वदूर पसरलेला दुसरा पक्षी शोधणे कठीण जावे. आपल्या राघूची गोष्ट अर्थातच निराळी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पिंजऱ्यात ठेवण्यास मनाई केली आहे, आणि ती मनाई योग्यच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी ज्या पक्ष्यांविषयी बोलणार आहे ते पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले बजरीगर, कॉकाटील, कॅनरी आणि फिंच होत.

या पक्ष्यांना होणाऱ्या एका आजाराची कैफियत मालकाच्या तोंडून ऐकावी, तर ती जवळपास नेहमी सारखीच असते. पक्षी दाण्याच्या वाटीपाशी दिवसभर बसलेला असतो, राळ्याचा दाणा चोचीत घेतो, सोलतो, सालपटांचा ढीग पडतो, आणि घरातली माणसे समाधानाने म्हणतात की याची भूक उत्तम आहे. परंतु छातीवरून बोट फिरवले की उरोस्थीची कड सुरीच्या पात्यासारखी हाताला लागते, कारण सोललेल्या दाण्यांपैकी फार थोडे दाणे तो गिळतो, आणि जे गिळतो त्यांतले काही न पचताच शीटेबरोबर अख्खेच्या अख्खे बाहेर पडतात. पुढे वांत्या सुरू होतात, डोक्यावरची पिसे त्या ओकारीने चिकटतात, कधी शीट रक्तामुळे काळपट होते, आणि एखाद्या सकाळी पक्षी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला आढळतो. आजारी असल्याचे लपवणे हा पक्षिजातीचा स्वभाव आहे, कारण थव्यातला दुबळा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो. यास्तव आजार मालकाच्या ध्यानी येतो तेव्हा बहुधा तो पुष्कळ पुढे गेलेला असतो. वजनाचा काटा हे अशा घरातले पहिले निदानसाधन असले पाहिजे, असे मी पुनःपुन्हा सांगत आलो आहे. पस्तीस ग्रॅमच्या पक्ष्याचे तीन-चार ग्रॅम घटले म्हणजे पन्नास किलोच्या माणसाचे पाच किलो घटल्यासारखे आहे, आणि पिसांच्या आवरणाखाली ती घट डोळ्यांना मुळीच दिसत नाही.

अशा रीतीने मेलेल्या पक्ष्याचे शवविच्छेदन केले म्हणजे दोष कोठे आहे ते दिसते. पक्ष्याला जठरे दोन असतात: पहिले ग्रंथिल जठर, ज्यात आम्ल आणि पाचकरस स्रवतात, आणि त्यामागचे दणकट स्नायूंचे, दाणे भरडणारे जठर, ज्याला पेषणी म्हणतात. या दोहोंच्या सांध्यावरचा अरुंद पट्टा जाड, पांढरट, चिकट श्लेष्म्याने लिंपलेला आढळतो, कधी तेथे बारीक रक्तस्रावाचे ठिपके असतात. त्या श्लेष्म्याची खरवड काचपट्टीवर घेऊन, मिठाच्या पाण्याचा एक थेंब टाकून, वर पातळ काच ठेवून, सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश थोडा मंद करून पाहिले की एकदम शेकडो सरळ, ताठ, काचेसारख्या पारदर्शक काड्या दृष्टीस पडतात, जणू कोणी सरपणाची मोळी सोडून अंगणात पसरून ठेवली आहे. काड्यांची लांबी सुमारे २० ते ८० मायक्रॉन, जाडी दोन ते तीन मायक्रॉन. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) टोके गोलसर, क्वचित एखादी काडी टोकाशी दुभंगलेली. ज्याने हे दृश्य एकदा नीट पाहिले आहे तो ते विसरत नाही. आणि तरीही हे काय आहे, या प्रश्नाचे बरोबर उत्तर मिळण्यास वीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

१९८० च्या सुमारास युरोपातील पशुवैद्यांनी कॅनरी पक्ष्यांत या काड्यांचे वर्णन केले, आणि पुढे बजरीगर, इतर पोपट, फिंच, इतकेच नव्हे तर शहामृगाची पिल्ले आणि कोंबड्या यांतही त्या सापडत गेल्या. जिवाणू ओळखण्यासाठी वापरला जाणारा ग्रामचा रंग त्या निळ्याजांभळ्या घेत, आकाराने त्या दंडाकृती होत्या, आणि साध्या रंगद्रव्यांनी त्यांच्यात केंद्रक स्पष्ट दिसत नसे. एवढ्या तीन पुराव्यांवर त्यांची नोंद जिवाणूंच्या वर्गात झाली आणि सामान्य जिवाणूच्या मानाने त्या अवाढव्य असल्यामुळे त्यांना मेगाबॅक्टेरिया हे नाव पडले. ज्यांनी हे नाव दिले त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. समोर असलेल्या पुराव्याशी ते नाव सुसंगत होते, आणि त्या काळी या जीवाला प्रयोगशाळेत टिकाऊ रीतीने वाढवणेही साधत नव्हते. कारण त्याला हवे असते ते जठरासारखे आम्ल, पक्ष्याच्या शरीराइतके म्हणजे ४२ अंश सेल्सियसच्या आसपासचे तापमान, आणि अगदी अल्प प्राणवायू, हे पुढे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संवर्धनाच्या प्रयोगांतून कळले. नेहमीच्या पोषकद्रव्यावर, नेहमीच्या ३७ अंशांवर, मोकळ्या हवेत ठेवलेल्या बशीत तो उगवलाच नाही, यात नवल कसले?

परंतु एकदा दप्तरी नोंद झाली की तिचा अंमल सुरू होतो. जिवाणू म्हटला की जिवाणुनाशक औषध आले. आणि सूक्ष्मदर्शकाखाली काड्या ओळखणारे, म्हणजे निदान करण्यात मुळीच हयगय न करणारे पशुवैद्यही नाना प्रतिजैविके पाण्यातून, चोचीतून, सुईने देत राहिले, पक्षी मात्र झिजत राहिले. कित्येकदा या औषधांनी आतड्यातील उपकारक जिवाणूंचा तेवढा नाश होई आणि त्यांच्या जागी कँडिडा नावाचे दुसरे किण्व माजे, म्हणजे एका रोगावर उपाय करताना दुसरा रोग पदरी पडे. यात निष्काळजीपणा कोणाचाच नव्हता, आणि म्हणूनच हे प्रकरण मला अधिक वेदनादायक वाटते.

या अंधारात एक खूण मात्र होती. नव्वदीच्या दशकात ऑस्ट्रेलियातील पशुवैद्यांना असे आढळून आले की जिवाणूंवरची औषधे निष्फळ ठरत असताना ॲम्फोटेरिसिन बी तोंडावाटे दिले तर या काड्या शीटेतून नाहीशा होतात. ॲम्फोटेरिसिन हे कवकनाशक आहे. ते कवकांच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉल या द्रव्याला चिकटून पटलाला छिद्रे पाडते, आणि जिवाणूंच्या पटलात एर्गोस्टेरॉल नसते. ज्या जीवाला कवकाचे विष बाधते तो जीव कवकच असला पाहिजे, असा तर्क येथून सहज निघतो, आणि काहींनी तो बोलूनही दाखविला. (ॲम्फोटेरिसिन ज्या पॉलिईन वर्गात मोडते त्याच वर्गातले हमायसिन नावाचे कवकनाशक साठीच्या दशकाच्या आरंभी आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार यांच्या संशोधनातून पुढे आले, आणि ज्या मृत्तिकाजीवापासून ते मिळाले त्याच्या नावात पिंपरी हे गाव कायमचे गोवले गेले; पुण्याच्या परिसरातील तरुण संशोधकांना ही गोष्ट माहीत असावी, म्हणून मुद्दाम सांगितली.) तथापि औषध लागू पडले यावरून जात ठरविणे हा अप्रत्यक्ष पुरावा झाला. प्रत्यक्ष पुरावा हवा होता, आणि तो २००३ साली आला.

टेक्सास ए. अँड एम. विद्यापीठातील टोमाशेव्स्की, फेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इलिनॉय राज्यातील पिओरियाचे किण्वशास्त्रज्ञ क्लेटस कर्ट्झमन यांच्या साहाय्याने, या काड्यांचा तपास अनेक बाजूंनी केला. कायटिनासारख्या, म्हणजे कवकांच्या पेशीभित्तीत असणाऱ्या द्रव्यांना धरणारी चमकदार रंगद्रव्ये त्यांच्या भित्तीवर चढली. शेवटी त्यांनी त्या जीवाच्या रायबोसोमी जनुकांचा अनुक्रम वाचला, आणि तो जगातील ज्ञात अनुक्रमांच्या शेजारी ठेवला. तो कोणत्याही जिवाणूशी जुळला नाही. तो ॲस्कोमायसीट वर्गातील किण्वांच्या रांगेत बसला, परंतु त्या रांगेतल्या कोणत्याही ज्ञात किण्वाशी तंतोतंत जुळला नाही; म्हणून त्याच्यासाठी नवी प्रजाती आणि नवी जाती स्थापन करावी लागली, आणि मॅक्रोऱ्हॅब्डस ऑर्निथोगॅस्टर या नावाने त्याची फेरनोंद झाली. मेगाबॅक्टेरिया हा शब्द जुन्या ग्रंथांत आणि काही पक्षिपालकांच्या बोलण्यात अद्याप टिकून आहे, शास्त्राच्या दृष्टीने मात्र तो रद्द झाला.

रायबोसोमी जनुकेच का निवडली, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण सर्व जनुकीय निदानाचा पाया येथे आहे. रायबोसोम हे पेशीतील प्रथिने घडविण्याचे यंत्र. जिवाणूपासून मनुष्यापर्यंत ज्याला ज्याला पेशी आहे त्याला ते असावेच लागते, आणि त्याची रचना इतकी नाजूक समतोलाची असते की तिच्यात मनमानी बदल खपत नाहीत. यास्तव या यंत्राचा आराखडा ज्या जनुकांत लिहिलेला असतो त्यांचे काही भाग कोट्यवधी वर्षांत जवळजवळ जसेच्या तसे राहतात, तर त्यांना लागूनच असलेले काही भाग हळूहळू, पिढ्यांमागून पिढ्या, पालटत जातात. स्थिर भाग सर्वांना सामाईक असल्यामुळे तेथे हात घालून जनुक पकडता येते. पालटणारे भाग वाचून तो जीव कोणाचा किती जवळचा आप्त आहे ते ठरविता येते. कार्ल वूझ यांनी १९७७ साली या जनुकांवरून बनणाऱ्या रायबोसोमी रेणूच्या तुलनेवरून, जिवाणूंत मोडले जाणारे काही जीव वस्तुतः स्वतंत्रच वंशाचे आहेत असे दाखवून सबंध जीवसृष्टीची वंशावळ नव्याने मांडली. किण्वांच्या बाबतीत हेच काम कर्ट्झमन आणि रॉबनेट यांनी १९९८ साली केले: सुमारे पाचशे किण्वांच्या मोठ्या रायबोसोमी जनुकातील सहाशेच्या आसपास अक्षरांचा एक तुकडा वाचून त्यांनी असे दाखविले की एकाच जातीच्या वाणांत या तुकड्यात साधारणतः तीनपेक्षा जास्त अक्षरांचा फरक पडत नाही, आणि सहा किंवा अधिक अक्षरांचा फरक दिसला तर बहुधा जाती निराळ्या असतात. सहाशेत सहा, म्हणजे शेकडा एक. किण्वाचा आकार परिस्थितीनुसार बदलतो, रंग घेण्याची रीत बदलते, साखर आंबविण्याची शक्तीही वाणागणिक कमीजास्त होते; हा तुकडा मात्र सहसा दगा देत नाही, आणि म्हणूनच आज जगभरच्या प्रयोगशाळा त्याचा हवाला देतात.

अनुक्रम एकदा ठाऊक झाला की त्याच्या आधारे रोजच्या वापराची कसोटी रचता येते, आणि तिचे साधन म्हणजे पीसीआर. कॅरी मुलिस यांना ही कल्पना १९८३ साली सुचली आणि १९९३ साली तिच्यासाठी त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शोधावयाच्या जनुकाच्या दोन टोकांना जुळणारे डीएनएचे दोन छोटे तुकडे तयार करावयाचे; नमुन्यातील डीएनए ९५ अंशांच्या आसपास तापवून त्याचे दोन धागे सुटे करावयाचे; मग तापमान उतरवून ते तुकडे आपापल्या जागी बसू द्यावयाचे; आणि मग ७२ अंशांवर एका एंझाइमाकडून प्रत्येक धाग्याची नवी प्रत काढवून घ्यावयाची. हे एंझाइम यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत थॉमस ब्रॉक यांना सापडलेल्या जिवाणूचे असल्यामुळे त्या उकळत्या तापमानातही नष्ट होत नाही. दर फेरीत प्रती दुप्पट होतात, आणि सर्व काही सुरळीत चालल्यास तीस फेऱ्यांनंतर एका रेणूचे सुमारे १०७ कोटी रेणू होतात. सूक्ष्मदर्शकाखाली दहा क्षेत्रे चाळूनही ज्या शीटेत एकही काडी दिसत नाही, तिच्यात मूठभर काड्या असल्या तरी ही कसोटी त्या हुडकून काढू शकते, त्यातून रायबोसोमी जनुकांच्या प्रत्येक पेशीत अनेक प्रती असतात, हा आणखी एक लाभ.

कागदावर हे जितके सरळ दिसते तितके पक्ष्याच्या शीटेत ते सरळ नाही, आणि येथे मी जरा थांबणार आहे, कारण निदानाचे यशापयश बहुधा याच टप्प्यावर ठरते. पक्षी मूत्र वेगळे टाकीत नाही. शीटेतला पांढरा भाग म्हणजे युरेट, हिरवट-काळा भाग म्हणजे विष्ठा, आणि त्यांत पित्तलवण, दाण्यांतील पिष्टमय द्रव्ये, पिसांचे आणि पेशींचे अवशेष असे सर्व मिसळलेले असते. यांतील कित्येक द्रव्ये त्या उष्णताप्रिय एंझाइमाचे काम अडवितात. परिणामी नमुन्यात किण्व असूनही कसोटी नकारार्थी येते, आणि ते नकारार्थी उत्तर कागदावर इतके स्वच्छ दिसते की त्याच्यावर अविश्वास दाखविण्याचे मनातही येत नाही. यास्तव सावध प्रयोगशाळा प्रत्येक नमुन्यात एक परका, निरुपद्रवी डीएनए स्वतःहून घालते आणि तो वाढला की नाही ते पाहते. तो वाढला नाही तर उत्तर नकारार्थी न देता, नमुना पुन्हा शुद्ध करावा लागेल, असा शेरा देते. दुसरी अडचण किण्वाच्या भित्तीची. ही भित्ती जिवाणूच्या भित्तीहून पुष्कळ चिवट असते, आणि केवळ क्षाराने किंवा साबणासारख्या द्रावणाने ती फुटत नाही. काचेच्या बारीक मण्यांबरोबर नमुना वेगाने घुसळावा लागतो किंवा भित्ती विरघळविणारी एंझाइमे वापरावी लागतात. जी प्रयोगशाळा जिवाणूंसाठी बसविलेली रीत जशीच्या तशी किण्वांना लावते, तिच्या हाती डीएनए फारसा लागत नाही. तिसरी गोष्ट, ज्या खोलीत कोट्यवधी प्रती तयार होतात तेथली हवा, हातमोजे, पिचकाऱ्या यांवर त्या प्रतींचा सूक्ष्म अंश पसरतो, आणि तो पुढच्या निरोगी पक्ष्याच्या नमुन्यात शिरला तर त्याही पक्ष्यावर रोगाचा शिक्का बसतो. म्हणून नमुना फोडण्याची जागा आणि प्रती तपासण्याची जागा वेगळी, हत्यारे वेगळी, आणि प्रत्येक तुकडीत नमुना सोडून बाकी सर्व घातलेली एक कोरी नळी, ही शिस्त अनिवार्य आहे. माझ्याकडे शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्यांना ही कोरी नळी सुरुवातीला वेळेचा अपव्यय वाटते. परंतु तुकडीतल्या सर्व उत्तरांची पत तिच्यावर अवलंबून असते, असे मी मानतो, आणि ती नळी रंगली तर सबंध तुकडी रद्द करण्याविषयी मी कधी तडजोड केली नाही.

आता या कसोटीच्या उत्तराचा अर्थ काय, हा मला अधिक महत्त्वाचा वाटणारा प्रश्न. जनुकीय कसोटी विचारते ते एवढेच, की या जीवाचा डीएनए या नमुन्यात आहे काय. तो जीव रोग करीत आहे काय, हे ती विचारीत नाही. मॅक्रोऱ्हॅब्डस बाळगणारे बजरीगर पुष्कळ आहेत, आणि त्यांतले कित्येक आयुष्यभर धडधाकट राहतात; एखाद्याची शक्ती वृद्धपणाने, प्रवासाने, पिसे झडण्याच्या काळात किंवा दुसऱ्या आजाराने क्षीण झाली की किण्व बळावते. तेव्हा गुबगुबीत, भरदार छातीच्या, वजनाला पक्क्या पक्ष्याची कसोटी होकारार्थी आली म्हणून लगेच महिनाभराचे औषध सुरू करणे, आणि उलट, झिजत चाललेल्या पक्ष्याची एका शीटेवरची कसोटी नकारार्थी आली म्हणून त्याला सोडून देणे, या दोन्ही चुका गंभीर आहेत. दुसरी तर अधिकच, कारण हे किण्व शीटेतून रोज बाहेर पडत नाही. आज पडेल, उद्या-परवा पडणार नाही, तेरवा पुन्हा पडेल. सबब एका दिवसाचा नमुना पुरेसा नसतो, आणि तीन ते पाच दिवसांच्या शीटा एकत्र करून तपासणे हे खर्चाच्याही दृष्टीने सोयीचे पडते.

कँडिडाच्या बाबतीत हा विवेक आणखी सूक्ष्म करावा लागतो. कँडिडा अल्बिकन्स हे किण्व निरोगी पक्ष्याच्या पचनमार्गातही थोडेफार असते, आणि हाताने भरविलेल्या पिल्लांत, दीर्घकाळ प्रतिजैविके दिलेल्या पक्ष्यांत ते अन्नपुटाच्या, म्हणजे गळ्याशी दाणे साठविणाऱ्या पिशवीच्या, अस्तरात घुसून पांढरे थर धरते. सूक्ष्मदर्शकाखाली ते मुकुल फुटणाऱ्या अंडाकृती पेशींच्या रूपाने दिसते. परंतु ज्या घरात पक्ष्याला सकाळच्या पावाचा तुकडा कौतुकाने दिला जातो त्या घरातल्या पक्ष्याच्या शीटेतही मुकुल फुटणाऱ्या अंडाकृती पेशी पुष्कळ दिसतात, आणि त्या असतात पाव फुगविणाऱ्या, भट्टीत भाजून मेलेल्या, सर्वथा निरुपद्रवी किण्वाच्या. आकारावरून हे दोन जीव वेगळे सांगणे अनुभवी माणसालाही अवघड जाते. जनुकीय अनुक्रम मात्र त्यांची नावे विनासायास सांगतो. शिवाय कँडिडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या किण्वांत ज्याला क्रुसेई म्हणत त्याच्यावर फ्ल्युकोनॅझोल हे कवकनाशक मुळातच चालत नाही, ग्लाब्राटावर पुष्कळदा कमी चालते, म्हणजे जातीचे नाव कळणे हे औषधाच्या निवडीसाठी आवश्यक असते. आता पावातल्या मेलेल्या किण्वाचाही डीएनए नमुन्यात असतोच, ही मर्यादा लक्षात ठेवावी. पीसीआरला जिवंत आणि मृत यांतला भेद कळत नाही. याच कारणामुळे औषधोपचार संपल्याबरोबर केलेली कसोटी कधी होकारार्थी येते आणि मालक घाबरतो. औषध संपल्यावर काही आठवडे जाऊ द्यावेत, आणि मग शीटेची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, जनुकीय कसोटी आणि पक्ष्याचे वजन, या तिन्ही गोष्टी एकत्र वाचाव्यात, अशी माझी शिफारस आहे.

मॅक्रोऱ्हॅब्डसवर ॲम्फोटेरिसिन तोंडावाटे दिवसातून दोनदा, कित्येकदा महिनाभर द्यावे लागते. हे औषध पचनमार्गातून रक्तात फारसे शोषले जात नाही, आणि येथे ते हितावहच ठरते. कारण किण्व जठराच्या आतल्या पृष्ठभागावर असते, आणि औषधाने तेथेच राहावे हे बरे. एवढ्या लहान पक्ष्याला दिवसातून दोनदा हातात धरून चोचीत औषध घालणे मालकाला आणि पक्ष्यालाही जाचक होते, म्हणून ते अर्ध्यावर सोडले जाते, आणि अर्धवट उपचारानंतर उरलेली किण्वे पुन्हा वाढतात. निदान पक्के आहे, असा विश्वास असेल तरच माणूस महिनाभर हे नेटाने करू शकतो. आणि जनुकीय कसोटीचा मला वाटणारा सर्वांत मोठा उपयोग हाच की ती मालकाला हा विश्वास देते.

पक्षिपालकांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. बाजारातून नवा पक्षी आणला की त्याला जुन्या पक्ष्यांच्या खोलीत लगेच नेऊ नये. स्वतंत्र खोलीत, स्वतंत्र भांड्यांनिशी महिनाभर ठेवावे, दर आठवड्याला त्याचे वजन वहीत टिपून ठेवावे, आणि त्या मुदतीत तीन-चार दिवसांच्या शीटांचा नमुना घ्यावा. नमुन्यासाठी पिंजऱ्याच्या तळाशी स्वच्छ पांढरा कागद घालावा, सालपटे वगळून ताजी शीट छोट्या डबीत उचलावी, आणि तिचे दोन भाग करावेत: एक तसाच ताजा सूक्ष्मदर्शकासाठी, कारण वाळलेल्या शीटेत काड्या ओळखू येत नाहीत, आणि दुसरा शुद्ध अल्कोहोलात जनुकीय कसोटीसाठी. पिंजऱ्याची फळी आणि दाण्याची भांडी रोज धुवावीत, कारण संसर्ग शीटेने दूषित झालेल्या दाण्यांतून होतो, आणि पिल्लांना तो पालकांच्या चोचीतून भरविल्या जाणाऱ्या चाऱ्यातून होत असावा. बजरीगर हा थव्यात राहणारा पक्षी आहे आणि एकटा ठेवला तर तो खंगतो. त्यामुळे थव्यातील एक पक्षी रोगी ठरला की संपूर्ण थव्याची तपासणी केल्याशिवाय काम पुरे होत नाही, एवढे मालकांनी ध्यानी ठेवावे.

आणि पक्षी मेलाच, तर दुःखाच्या पहिल्या भरात त्याला कुंडीत किंवा बागेत पुरून टाकू नका. त्याला ओल्या कापडात गुंडाळून शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको, कारण गोठल्याने पेशी फुटतात आणि जठराच्या अस्तराची तपासणी अवघड होते; आणि शक्य तितक्या लवकर पशुवैद्याकडे न्या. दोन जठरांच्या सांध्यावरची एक खरवड, तिची एक काचपट्टी आणि एक नळी, एवढ्यावरून त्याच पिंजऱ्यात मागे राहिलेल्या पक्ष्यांना औषध द्यावयाचे की नाही, आणि द्यावयाचे तर कोणते, हे ठरविता येते.